निशाणाची गोष्ट

भाऊबीज उलटली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आज ह्या गावी, उद्या त्या गावी अशी ओळच लागते. दिवसा दुकाने, पाळणे आणि दंडार, रात्री नाटक. ते एकदा सुरू झाले की कोंबडा आरवेपर्यंत संपत नाही. वडशाला, म्हणजे सरकारी कागदातल्या देसाईगंजला, नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. हंगामात तिथल्या रस्त्याने जाताना नुसत्या फलकांनी डोळे भरून जातात. मी त्याच रस्त्यावर वाढलो. मॅट्रिक झालो आणि माझा व शिक्षणाचा संबंध संपला. पण ब्रश हातातून सुटला नाही. आधी नाटकांचे फलक रंगविले, पुढे एका खाजगी शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो, आणि सुट्टीच्या दिवसांत कादंबऱ्या लिहू लागलो. कादंबऱ्यांनी थोडे नाव दिले. अक्कल मात्र फलकांनी दिली. फलक रंगविणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते, ती ही की, माणूस फलकासमोर थांबत नाही. सायकलीवरून जाता जाता जेवढे डोळ्यांत शिरेल तेवढेच त्याचे.

गेल्या साली पावसाळा सरता सरता चंद्रपूरहून चौघे जण माझ्याकडे आले. दोन मुले, एक मुलगी आणि तिशीतली एक तृतीयपंथी बाई. माझ्या पत्नीने तिला "ताई, चहात साखर किती?" असे विचारले, आणि त्या एका प्रश्नाने ओसरीतला अवघडलेपणा निम्मा कमी झाला. त्यांना बारा फलक हवे होते. चंद्रपुरात एक खोली तीन दिवसांसाठी मिळणार होती. तिथे आपल्या समाजाचा इतिहास लोकांना चित्रांतून दाखवावा असा त्यांचा बेत. समाज म्हणजे ज्याला हल्ली एलजीबीटीक्यू म्हणतात तो : समलिंगी स्त्रिया, समलिंगी पुरुष, दोहोंकडे ओढ असणारे, तृतीयपंथी, पारलिंगी, असे सर्व मिळून. मराठीत ह्या सर्वांना सामावणारा एक सुटसुटीत शब्द अजून रुळलेला नाही. ती पाच इंग्रजी अक्षरे फलकावर काढली तर एखाद्या ट्रकचा नंबर वाटेल, असे मी म्हटले, आणि ती मंडळी मनापासून हसली.

त्यांनी एक नमुना करून आणला होता. कागदभर आडवे सहा पट्टे : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. वर जाड अक्षरांत मथळा. काम नीटनेटके होते. मी चष्मा पुसून पाहिले आणि म्हणालो, "छान आहे, पण चंद्रपुरात हे निशाण लोक दुसऱ्याचेच समजतील."

कोणाचे, ते त्या चौघांतल्या गोंड मुलाच्या तत्काळ ध्यानात आले. गोंडी समाजाचा आपला सप्तरंगी ध्वज आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत त्यांच्या मेळाव्यांत आणि उत्सवांत तो उभारला जातो, आणि रंगीत पट्टे दुरून दिसले की इथल्या माणसाला आधी तोच आठवतो. तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, हा कागद घरी नेला तर आई विचारेल, कार्यक्रम कुठे आहे?"

बघा, निशाणाची ही अशी गंमत असते. चंद्रपूरच्या गोंडकालीन कोटाच्या वेशींवर हत्तीवर चढलेल्या सिंहाची शिल्पे आहेत. ती गोंड राजांची खूण. जटपुरा वेशीतून रोज हजारो माणसे जातात. किती जण मान वर करून बघतात? आणि बघितले तरी किती जणांना ती राजचिन्ह म्हणून वाचता येते? खूण दगडात कोरली म्हणजे वाचली जाते असे नाही, आणि कापडावर रंगविली म्हणून एकाचीच राहते असेही नाही.

मी त्यांना विचारले, हे सहा पट्टे मुळात कुठून आले? त्यांनी सांगितलेले आणि मी मागाहून वाचलेले मिळून जे हाती लागले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढेही ठेवतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी गिल्बर्ट बेकर नावाचा एक माणूस होता. जन्म १९५१ चा, कॅन्सस प्रांतातला. काही काळ सैन्यात होता. मग शिवणकाम शिकला. त्या शहरात हार्वे मिल्क हे उघडपणे समलिंगी असलेले गृहस्थ नगरमंडळावर निवडून आले होते, आणि आपल्या लोकांना एक खूण हवी असे त्यांचे म्हणणे होते. बेकरने इंद्रधनुष्य निवडले. सुमारे तीस माणसे जमली. कचऱ्याच्या पिंपांत रंग कालवून सुती कापड हातांनी रंगविले, शिवले, इस्त्री केले. लिन सेगरब्लॉम आणि जेम्स मॅकनमारा हे त्या कामातले मोठे वाटेकरी. पण नाव एकाचेच राहिले, जसे आमच्याकडे नाटकाच्या फलकावर रंगाऱ्याचे नाव कधीच राहत नाही. बेकरने एक मजेची आठवण सांगून ठेवली आहे. सार्वजनिक धुलाईच्या यंत्रांत रंगविलेले कापड घालायला मनाई असे. म्हणून ह्यांनी ते रात्री उशिरा धुतले, आणि आपल्यामागून येणाऱ्याचे कपडे गुलाबी होऊ नयेत म्हणून यंत्रात ब्लीच ओतून पळाले. २५ जून १९७८ रोजी ती निशाणे मिरवणुकीच्या दिवशी चढली. त्या वेळी पट्टे आठ होते, आणि प्रत्येकाला अर्थ होता : तांबडा जीवनाचा, नारिंगी बरे होण्याचा, पिवळा उन्हाचा, हिरवा सृष्टीचा, असे.

मग आठाचे सहा कसे झाले? त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला मिल्क ह्यांचा गोळ्या घालून खून झाला. शोकाने निशाणाची मागणी एकदम वाढली, आणि हव्या त्या झगझगीत गुलाबी रंगाचे कापड बाजारात तेवढे मिळेना. तो पट्टा गेला. पुढच्या साली सात विषम पडतात, रस्त्याच्या दोन बाजूंना सारखे वाटता येत नाहीत, म्हणून आणखी एक गेला. माझ्यासारख्या रंगाऱ्याला ही हकीकत फार जवळची वाटते. मोठमोठी निशाणे देवाच्या घरून उतरत नाहीत. दुकानात कोणता रंग शिल्लक आहे, त्यावर ती ठरतात.

त्यांची दुसरी खूण मात्र अशी हसतखेळत जन्मलेली नाही. त्यांनी ती एका फलकावर काढायची ठरविली होती : गुलाबी त्रिकोण. जर्मनीत १८७१ साली जो दंडविधी झाला, त्याच्या १७५ व्या कलमाने पुरुषापुरुषांतला संबंध गुन्हा ठरला. नाझींनी १९३५ साली ते कलम अधिक कडक केले. छळछावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर वर्गवारीची कापडे शिवीत. ह्या लोकांना उलटा गुलाबी त्रिकोण. इतिहासकारांचा अंदाज असा की, पाच ते पंधरा हजार पुरुष ह्या कारणाने छावण्यांत गेले. त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. जे आले त्यांच्यामागचे कलम युद्ध संपल्यावरही सुटले नाही. ते जर्मनीच्या कायद्यातून पुरते गेले १९९४ साली. पुढे १९७० नंतर त्याच देशातल्या तरुणांनी तो त्रिकोण आपण होऊन छातीवर लावला. १९८७ साली न्यूयॉर्कच्या भिंतींवर काळ्या कागदावर तोच त्रिकोण टोक वर करून छापलेला दिसू लागला, खाली मौन म्हणजे मृत्यू अशा अर्थाचे दोन शब्द. एड्सने माणसे मरत होती आणि सरकार बोलत नव्हते. तो कागद सहा जणांनी मिळून केला होता. त्याच साली ॲम्स्टरडॅमच्या कालव्याकाठी गुलाबी ग्रॅनाइटच्या तीन त्रिकोणांचे स्मारक झाले. शत्रूने शिवलेले कापड ह्या लोकांनी उलटून घेतले. मला ह्या गोष्टीचे सर्वांत नवल वाटले.

आणि १८७१ हे साल ऐकून मी थबकलो, कारण ते आमच्याकडचेही आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानसाठी १८६० साली दंडसंहिता केली, तिच्यातले ३७७ वे कलम सर्वांना ठाऊक आहे. पण १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपण भटक्या-विमुक्तांच्या संदर्भातच वाचतो. त्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता (कायद्यातला इंग्रजी शब्द ह्याहून बरा नव्हता). उत्तर हिंदुस्थानात त्यांची नोंदवही ठेवायची. आणि नोंद झालेला इसम बाईच्या वेषात किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसला, सार्वजनिक ठिकाणी नाचला वा वाजविले, तर दोन वर्षांपर्यंत कैद. नाचणे आणि वाजविणे हा गुन्हा! ज्या मुलखात दंडारीवाचून दिवाळी जात नाही तिथल्या माणसाने हे वाचले म्हणजे अंगावर काटा येतो.

पुढचे मी भराभर सांगतो, कारण ते वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे. मुंबईत अशोक राव कवी ह्यांनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले. ११ ऑगस्ट १९९२ रोजी दिल्लीत पोलीस मुख्यालयासमोर लोक फलक घेऊन उभे राहिले. समलिंगी असल्याच्या संशयावरून झालेल्या धरपकडीविरुद्धची ती निदर्शने. कलकत्त्यात २ जुलै १९९९ रोजी पंधरा माणसे पिवळे शर्ट घालून चालली. केवळ पंधरा! बरोबर दहा वर्षांनी, २ जुलै २००९ ला, दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमाची धार काढली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती परत लावली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने ती कायमची उतरविली. मध्ये १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क मिळाला. मुंबईची मिरवणूक २००८ पासूनची, पुण्याची २०११ ची, नागपूरची २०१६ ची. आणि २०१७ साली गौरी सावंत ह्यांची आई म्हणून जाहिरात निघाली, सर्दीच्या मलमाची. ती पाहून आमच्या घरातल्या बायकांनी डोळे पुसले होते. एका जाहिरातीने जे केले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते, हे फलक रंगविणाऱ्याच्या नात्याने मी सांगू शकतो.

हे सारे ऐकल्यावर मी म्हणालो, "हे अमेरिकेचे झाले, जर्मनीचे झाले, कलकत्ता-मुंबईचे झाले. चंद्रपूरच्या माणसाला इथले काय दाखविणार?"

चौघेही गप्प झाले. एका मुलाने सुचविले की, रानातल्या लोकांत असा भेदभाव कधी नव्हताच, असे लिहावे. मी विचारले, कोणी पाहिले? कोणी सांगितले? आदिवासींच्या नावावर वाटेल ते गोड खपविण्याची शहरी खोड आपण तरी करू नये. गोंड मुलाने मान डोलावली.

आणि मग, वाचकहो, मी जे बोलायचे नव्हते ते बोलून गेलो. माझ्या मामाजींची गोष्ट.

मामाजींचे गाव आरमोरीच्या अलीकडे. त्या वेळी गडचिरोली जिल्हा नव्हता. तो १९८२ साली वेगळा झाला, आधी सारा चांदाच. मामाजी दंडारीत आणि पुढे नाटकांत बाईची कामे करीत. झाडीपट्टीत त्या काळी बाईचे काम बाप्यानेच करायचे. त्यांच्या चालीला, पदर सावरण्याला दहा गावे वाखाणीत. पुढे नागपूरहून नट्या येऊ लागल्या आणि त्यांचे काम सुटले. मामी होत्या, दोन मुले होती, शेत होते. आणि त्यांच्याच घरात, मागल्या खोलीत, एक पेटीवाले राहत. नात्याचे नव्हेत. नाटकातून आले ते राहिलेच. आम्ही पोरे त्यांना भाऊजी म्हणत असू. ते वारले तेव्हा मामाजींनी वर्षभर गोड खाल्ले नाही. त्यानंतर कोणी कितीही म्हटले तरी मामाजींनी गुणगुणलेसुद्धा नाही. घरात ह्याविषयी एक शब्द कधी कोणी काढला नाही. मामाजींचा लुगड्यातला फोटो मी लहानपणी एकदा पाहिला होता. नंतर तो भिंतीवरून गेला.

मी बोलायचा थांबलो तेव्हा ताईंचे डोळे चमकत होते. "गुरुजी, हाच तर आमचा इतिहास! हाच फलक मधोमध लावू."

मी एकदम मागे सरलो. तुम्हांला कसे कळले? बालगंधर्वांनी जन्मभर स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या लुगड्याची आणि गजऱ्याची तऱ्हा घराघरांतल्या बायकांनी उचलली. म्हणून ते कोण होते हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला येतो काय? आणि गणपत पाटील आठवा. रुपेरी पडद्यावरचा नाच्या म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, पण लोकांनी ती भूमिकाच त्यांचे आयुष्य समजली, आणि त्या टोमण्यांचा ताप त्यांच्या घरच्यांना सोसावा लागला. मेलेल्या माणसाच्या छातीवर आपण आपले कापड शिवायचे, मग ते कितीही सुंदर रंगाचे का असेना, हे मला पटेना.

ताई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, तुमचे खरे आहे. पण तुमच्या भिंतीवर बघा." भिंतीवर माझ्या आजोबांचा फोटो होता, हार घातलेला. "प्रत्येकाच्या घरात असा एक आजोबा असतो. आम्हांला आजोबा नाहीत. मला घरातून काढले तेव्हा माझे सगळे फोटो चुलीत घातले. मला एक म्हातारे माणूस हवे आहे, एवढेच."

ह्यावर काय बोलणार? मी म्हटले, मामी हयात आहेत, त्यांना विचारू.

मामींनी ऐंशी ओलांडली आहे. आम्ही गेलो तेव्हा ओसरीत सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडीत बसल्या होत्या. मी आडवळणाने सुरुवात केली. मामींनी सूप बाजूला ठेवले, आत गेल्या, आणि लोखंडी पेटीच्या तळातून, लुगड्यांच्या घड्यांखालून, तो फोटो काढून आणला. वडशाच्या कोण्या स्टुडिओतला. मामाजी नऊवारीत उभे, नाकात नथ. शेजारी खुर्चीवर पेटीवाले भाऊजी. मामाजींचा हात खुर्चीच्या पाठीवर.

"मीनंच ठेवला पेटीत," मामी म्हणाल्या. "लोक हासत होते म्हनून. मले लाज होती म्हनून नाही, बाबू."

मी ताईंची ओळख करून दिली आणि कशासाठी आलो ते सांगितले. मामींनी ताईंकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "त्याइले काय म्हनावं, ते मले ठाऊक नाही. त्याइनं मले कधी उपाशी ठेवलं नाही, अना भाऊजीलेबी नाही. फोटो लावा. नाव लावा. बाईचं काम करत होते, येवढं लिवा. बाकी नोका लिवू."

ताईंनी वाकून नमस्कार केला. मामींनी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि विचारले, "पोरी, तुया घरी कोन कोन हाये?" ताई काही बोलल्या नाहीत. मामींनीही पुन्हा विचारले नाही.

परतताना बसमध्ये मी फलकांचा विचार करीत होतो, आणि वैनगंगेच्या पुलावर मला वाट सापडली. पट्ट्यांचे निशाण करायचेच नाही. त्या सहा रंगांचा काठ करायचा, लुगड्याचा असतो तसा, प्रत्येक फलकाच्या खालच्या अंगाला. ज्याला ती खूण ठाऊक आहे त्याला ती लगेच दिसेल. ज्याला नाही त्याला लुगडे दिसेल. आणि गोंडी ध्वजाशी घोटाळा होणार नाही. वरची रचना आमच्या नाटकाच्या फलकासारखी : मोठमोठे चेहरे, पिवळी जाड अक्षरे, काळ्या सावलीसकट. बेकर आपल्या शिवणयंत्रापाशी, गुलाबी त्रिकोण लावलेला कैदी, कलकत्त्याचे पंधरा पिवळे शर्ट. हे सारे आमच्या झाडीपट्टीच्या हाताने काढले म्हणजे परके वाटत नाही. ताईंना वाटत होते तेवढे गंभीर ते दिसले नाही, आणि त्यावरून आमचा थोडा वादही झाला. पण गंभीर फलकापुढे चंद्रपूरचा माणूस उन्हात उभा राहील ह्यावर माझा विश्वास नाही.

तीन दिवसांत किती माणसे आली ते मी मोजले नाही. पहिल्या दिवशी सकाळी आम्हीच होतो. दुपारी शाळेची पोरे शिरली, ती नथवाल्या बाप्याला बघायला. संध्याकाळी त्यांतली काही आयांना घेऊन आली. एक म्हातारे गृहस्थ मामाजींच्या फलकापुढे उभे राहून म्हणाले, "ह्यांची दंडार मी पाहिली आहे," आणि खुर्ची मागून तिथेच बसले. येईल त्याला दंडारीच्या गोष्टी सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी मामी आल्या, नातवाबरोबर, बसने. फलकापुढे पुष्कळ वेळ उभ्या होत्या. खाली मी तेवढेच लिहिले होते : नाव, गाव, आणि 'बाईचे काम करीत'. माझ्या छातीत धडधडत होते. शेवटी त्यांनी मला खूण करून जवळ बोलाविले.

"बाबू, लुगडं हिरवं नव्हतं."

फोटो काळापांढरा. मी माझ्या अंदाजाने हिरवे रंगविले होते.

"जांभळं होतं. भाऊजीनं आनलं होतं, पवनीच्या बाजारातून."

तिसऱ्या दिवशी दार उघडण्यापूर्वी मी जांभळा रंग कालवून लुगडे पुन्हा रंगविले. रंग ओला होता, म्हणून त्या फलकापुढे दिवसभर दोरी बांधून ठेवावी लागली.